बोर्ड नंतर, बूट आधी

पत्र

मी ठाण्याला राहतो. वय चौतीस. चार वर्षांपूर्वी गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकलो आणि तेव्हापासून दर फेब्रुवारीत आठ दिवस तिथेच जातो. सगळे साहित्य भाड्याने घेतो. यंदा स्वतःचा बोर्ड घेण्यासाठी सत्तर हजार रुपये बाजूला काढले आहेत. अडचणी अशा की, दुसऱ्या दिवसापासून बुटांत पायांची बोटे बधिर होतात आणि वळताना टाच वर उचलली जाते. गेल्या वर्षी पडून उजवे मनगट मुरगळले, ते अजून अधूनमधून दुखते. ठाण्याच्या पावसाळ्यात बोर्ड गंजेल की काय, ही धास्तीही आहे. शिवाय यंदा गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावर जाऊन कडेच्या मोकळ्या उतारांवरून उतरू, असा मित्रांचा आग्रह आहे आणि आईला ते मुळीच पसंत नाही. मी काय करावे?

उत्तर

स. न.

तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा विषय तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. वर्ष उलटूनही मनगट दुखत असेल, तर ते 'मुरगळले' असे गृहीत धरून पुन्हा बर्फावर जाऊ नका. हात पसरून अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी, ताणल्या गेलेल्या दोन स्नायुरज्जूंमध्ये एक लहान खळगा दिसतो. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा गेलेला असण्याची शक्यता असते. हा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, आणि त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे तो आपोआप सांधेलच याची खात्री नसते. न सांधता राहिला तर काही वर्षांनी मनगटाच्या सांध्याची झीज सुरू होते. तेव्हा कोणतीही खरेदी करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आणि 'वर्षापूर्वी बर्फावर पसरलेल्या तळहातावर पडलो होतो' हे नेमक्या शब्दांत सांगा, कारण कोणती तपासणी करायची हे त्यावरूनच ठरते.

स्नोबोर्डवर मनगटाला इजा होणे अगदी नेहमीचे आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्यामुळे तोल गेला की पाय पुढे टाकून सावरता येत नाही आणि हात आपसूक जमिनीकडे जातात. ही सवय घरी गादीवर सराव करून मोडता येते. पुढे पडताना मुठी वळून कोपरापासूनचा पुढचा हात टेकवावा. मागे पडताना हनुवटी छातीशी घेऊन, हात छातीजवळ ठेवून नितंबावरून पाठीवर लोळावे. त्याच्या जोडीला हातमोज्यांच्या आत बसणारे मनगटाचे संरक्षक पट्टे वापरा. त्यांच्यामुळे मनगट मोडण्याचा धोका कमी होतो, हे आता नीट सिद्ध झालेले आहे. हेल्मेटबद्दल तुम्ही काही लिहिले नाही. ते वापरत असालच, असे धरून चालते.

आता बुटांविषयी. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ मला एकच दिसते. तुम्ही मोठ्या मापाचे बूट घालत आहात. बोटे बधिर होतात म्हणजे बूट लहान आहे, असे कोणालाही वाटेल आणि दुकानदार लगेच एक माप वरचा जोड काढून देईल. परंतु प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. बूट सैल असला की त्यात पाऊल सरकते, टाच उचलली जाते, आणि बोटांच्या बाजूच्या कडेवर वजन टाकले तरी बोर्ड क्षणभर उशिराने वळतो. तो उशीर भरून काढण्यासाठी आपण घोट्यावरचा बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या खोबणीचा, पट्टा एकेक दाता आणखी आवळत जातो. पावलाच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा त्या पट्ट्याखाली दाबल्या जातात, आणि बोटे आधी गार पडून मग बधिर होतात. त्यावर उपाय म्हणून दोन जोड मोजे घातले, तर दाब आणखी वाढतो, घाम साचतो आणि पाय अधिकच गारठतात. मोजा एकच हवा, पातळ हवा आणि मेरिनो लोकरीचा हवा. सुती मोजा तर बर्फावर नेऊच नये.

माप घेण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळी, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असताना, तोच पातळ मोजा घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पूर्ण वजन टाका, आणि सर्वांत लांब बोटासमोर खूण करा. दोन्ही पावले मोजा. भिंतीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटर हेच तुमचे खरे माप असते, कारण स्नोबोर्डच्या बुटांवर पावलाच्या लांबीचे माप सेंटिमीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये छापलेले असते. रोजच्या बुटांच्या आठ-नऊ क्रमांकाशी त्याची तुलना करण्याच्या फंदात पडू नका. नवा बूट घालून ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती किंचित मागे आली पाहिजेत. टाच मात्र कोणत्याही स्थितीत उचलली जाता कामा नये. पहिल्या दिवशी असा बूट थोडा घट्टच वाटतो. आतले अस्तर काही दिवसांच्या वापराने दबते आणि जागा होते, म्हणून दुकानात अगदी आरामशीर वाटणारा बूट तिसऱ्या हंगामात सैल झालेला असतो. घरी आठवडाभर रोज अर्धा तास तो घालून वावरा, म्हणजे कुठे टोचते ते गुलमर्गला पोहोचण्याआधीच कळेल. फार कडक बूटही घेऊ नका. कडकपणाच्या एक ते दहा या पट्टीवर पाच-सहा तुम्हाला पुरेसा आहे. बांधणीच्या बाबतीत माझे मत साध्या लेसच्या बाजूचे आहे. तारेची चकती फिरवून आवळण्याची पद्धत सोयीची असते हे खरे, पण तार तुटली तर सुटा भाग डोंगरावर मिळेलच असे नाही, आणि लेस तुटली तर गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गच्या बाजारातली कोणतीही मजबूत दोरी चालते.

म्हणून सत्तर हजारांतला पहिला खर्च बुटांचा करा. बोर्ड यंदाही भाड्यानेच घ्या, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगते. वर्षातून आठ दिवस वापरायच्या बोर्डासाठी उरलेले अकरा महिने सांभाळ, विमानातली अडचण आणि दुरुस्ती हे सगळे अंगावर घेण्याइतका तो वापर नाही. देशांतर्गत विमानप्रवासात साधारणपणे पंधरा किलो सामान मोफत नेता येते, आणि बोर्ड, बाइंडिंग, बूट व त्यांची पिशवी एवढ्यातच त्यातले बरेच वजन संपते. शिवाय गुलमर्गचा बर्फ दर वर्षी सारखा पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तर तिथले उतार जवळजवळ कोरडे होते. भाड्याने घेणाऱ्याला पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, खोल असेल तेव्हा लांब, रुंद नाकाचा (पुढच्या टोकाचा) बोर्ड आणि बर्फ कडक असेल तेव्हा साधा बोर्ड निवडता येतो; स्वतःचा एकच बोर्ड असलेल्याला ती मुभा नसते.

मात्र भाड्याचा बोर्ड देतील तसा उचलू नका. दोन्ही पोलादी कडांवरून नखाची पाठ फिरवून पाहा; नख खरवडले जात नसेल तर कड बोथट झाली आहे. तळावर कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये फट दिसली तर तो बोर्ड सरळ परत करा. बूट बाइंडिंगमध्ये बसवून बोर्ड उलटा करून पाहा, दोन्ही बाजूंना बोटे व टाच साधारण सारखीच बाहेर येतात ना, कारण एकीकडे बूट जास्त बाहेर आला तर वळताना तो बर्फावर घासून तुम्हाला फेकून देतो. तुमचे माप साडेअठ्ठावीस सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर 'वाइड' बोर्ड मागून घ्या. बाइंडिंगचे कोन दुकानातला मुलगा लावून देईल त्यावर चार वर्षे समाधान मानले असेल, तर यंदा स्वतः लावा. पुढचा पाय पंधरा अंश बाहेर आणि मागचा सहा ते नऊ अंश उलट दिशेला, ही सुरुवात बहुतेकांच्या गुडघ्यांना मानवते. ताजा बर्फ गुडघाभर असेल तेव्हा दोन्ही बाइंडिंग एकेक घर मागे घ्या, म्हणजे नाक वर राहते आणि मागची मांडी पेटत नाही. यासाठी एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि पहिल्या तासाभरानंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करा.

दोन-तीन हंगामांनंतर दिवसांची संख्या वाढली आणि बोर्ड घेतलाच, तर ठाण्यातला पावसाळा हा खरोखरच मोठा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो आधीच विचारलात याचा मला आनंद झाला. माझा पहिला बोर्ड मी मेअखेरीस प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, चिकटपट्टी लावून कपाटामागे उभा केला होता. ऑक्टोबरमध्ये उघडला तेव्हा दोन्ही कडा तांबूस झाल्या होत्या आणि बुटांच्या अस्तराला बुरशीचा वास येत होता. बंद प्लास्टिकमध्ये आत राहिलेला ओलावा बाहेर पडत नाही, आणि बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येतेच, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

कड पोलादाची असते आणि ओली राहिली तर दिवसाभरातही गंज धरू लागते. म्हणून सांभाळ गुलमर्गलाच सुरू होतो. शेवटच्या दिवशी बोर्ड खोलीत आणून कडा कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर उघडा ठेवा, आणि प्रवासाच्या पिशवीतून घरी पोहोचताच बाहेर काढा. घरी तळ साध्या पाण्याने पुसून वाळवा. कडेवर हलका गंज असेल तर कडांसाठी मिळणाऱ्या रबरी घर्षण-खड्याने तो निघतो. मग बाइंडिंग काढून टाका, कारण वॅक्स करताना स्क्रूच्या जागी उष्णता साचून तळाला खळगे पडतात. वॅक्सची इस्त्री साधारण १२० ते १३० अंशांवर ठेवून मेण तळावर वितळू द्या आणि ते दोन्ही कडांवरही ओघळेल इतका जाड थर द्या. इस्त्री एका जागी थांबवू नका. मेणातून धूर निघाला तर ती फार तापली आहे असे समजा, आणि बोर्डाची वरची बाजू हाताला कोमट लागली तर पुरे झाले. कपड्यांच्या इस्त्रीने हे काम करायचे असेल, तर वाफेची छिद्रे नसलेली जुनी इस्त्री घ्या आणि ती पुन्हा कपड्यांना लावू नका. हा थर खरवडायचा नाही. तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच ठेवायचा. तळ कोरडा पडत नाही आणि कडांना हवा लागत नाही. निघण्याआधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून नायलॉनच्या ब्रशने घासले की झाले.

बोर्ड पलंगाखाली आडवा, जुन्या चादरीवर ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, उन्हाळ्यात तिथे फार तापते. बुटांची आतली अस्तरे काढून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नव्हे. आत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलून बुटांना हवा दाखवा. बूट तर तुम्ही यंदाच घेणार आहात, तेव्हा हा भाग आत्तापासूनच लागू होतो. जॅकेटचेही तेच. ते घामट अवस्थेत घडी करून ठेवले तर दमट हवेत आतला जलरोधक थर सुटू लागतो. कपडे मऊ करणारे द्रव न वापरता, अशा कापडासाठीच्या द्रव साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, हँगरवर टांगा.

आता दुसऱ्या टप्प्याविषयी. इथे मी तुमच्या आईंच्या बाजूची आहे, पण त्यांची आणि माझी कारणे कदाचित वेगळी असतील. गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गपासून कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो. ठाण्याच्या समुद्रसपाटीवरून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस दुसऱ्याच दिवशी तिथे उभा राहू शकतो, आणि हेच मुळात चुकीचे आहे. गुलमर्ग स्वतः सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथे निदान दोन रात्री काढल्याशिवाय वर जाऊ नका. डोके दुखणे, मळमळ, विचित्र थकवा यांतले काही जाणवले, तर गोळी घेऊन रेटू नका, खाली उतरा.

त्याहून मोठा विषय हिमस्खलनाचा. गंडोलाखालच्या मुख्य उतारावर तिथले स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचे गस्ती पथक, लक्ष ठेवते आणि गरज पडल्यास स्फोट घडवून धोकादायक बर्फ आधीच खाली पाडते. त्या हद्दीच्या बाहेर असे कोणीही करत नाही. तुमच्या मित्रांना ज्या 'कडेच्या मोकळ्या' उतारांवर जायचे आहे, ते याच बाहेरच्या भागात येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुडच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्यू पावले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू. स्नोबोर्डवरून उतरायला मजा येते ते ३० ते ४५ अंशांचे उतार हेच बर्फ सुटण्याचेही उतार आहेत. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला थोडा बर्फ थंड, निरभ्र रात्रींत साखरेसारखा दाणेदार आणि सुटा होतो. त्यावर पुढे वाऱ्याने आणलेल्या बर्फाची जड लादी बसते. आणि एका माणसाच्या वजनाने ती लादी त्या दाण्यांवरून सरकते. वरून पाहणाऱ्याला हा खालचा थर दिसत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते, आणि तेवढ्या वेळात खालून कोणीही मदतीला पोहोचू शकत नाही. जे करायचे ते शेजारी उभ्या असलेल्या मित्रानेच करायचे असते.

म्हणून बोर्डाचे उरलेले पैसे ट्रान्सिव्हर (गाडला गेलेला माणूस शोधण्यासाठी रेडिओ-संकेत देणारे व घेणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब काठी) आणि फावडे या तीन वस्तूंवर खर्च करा, आणि या तिन्ही वस्तू तुमच्या प्रत्येक मित्राकडे असल्याशिवाय हद्दीबाहेर पाऊल टाकू नका. तुमचा ट्रान्सिव्हर तुम्हाला शोधून काढायला दुसऱ्याकडे ट्रान्सिव्हर हवा, आणि तुम्ही सापडलात तरी घट्ट बसलेला बर्फ हातांनी उकरता येत नाही. 'आपल्याबरोबर गाइड आहे' हे उत्तर पुरेसे नाही, कारण गाडला जाणारा माणूस गाइडही असू शकतो. या यंत्रांचा सराव बर्फाशिवायही होतो. चौघांनी रविवारी सकाळी मैदानावर जमावे, एकाने चालू ट्रान्सिव्हर पिशवीत घालून पालापाचोळ्याखाली लपवावा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधावा. पाच मिनिटांच्या आत सापडू लागेपर्यंत दर रविवारी करा. मोबाइल ट्रान्सिव्हरजवळ ठेवू नका, शोधताना तर तो निदान अर्धा मीटर दूर हवा, कारण त्याच्यामुळे ४५७ किलोहर्ट्झचा तो संकेत बिघडतो. सेल साधे अल्कलाइन वापरा, रिचार्जेबल नको, आणि हंगाम संपला की काढून ठेवा.

असा सराव डिसेंबरपर्यंत झाला, तर यंदा दुसऱ्या टप्प्यावरून हद्दीतल्या उतारावर जायला माझी हरकत नाही. कडेचे उतार मात्र यंदा नकोत. रोज सकाळी स्की पेट्रोलची सूचना वाचा, आणि डीआरडीओची डीजीआरई ही संस्था जिल्हावार जे हिमस्खलनाचे इशारे देते, त्यांत बारामुल्ला जिल्ह्याचे नाव आहे का ते पाहा. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे किंवा बर्फामुळे बंद ठेवला असेल, तर तो दिवस पहिल्या टप्प्यावर घालवा. झाडांमधून उतरताना दोघे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहा.

पायांची तयारी ऑक्टोबरपासून करा. तुमच्याजवळ येऊरच्या टेकड्या आहेत, त्यांचा उतार हीच तुमची व्यायामशाळा. चढण्यापेक्षा उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात, आणि बोर्डवरही त्यांना नेमके हेच करावे लागते.

विम्याबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांना वगळणारे जे प्रमाणित कलम असते, त्यात 'व्यावसायिक म्हणून' सहभाग घेतल्यास, असे शब्द असतात. हौशी खेळाडूने ते कलम स्वतः वाचावे. अपघात विम्याच्या आणि प्रवास विम्याच्या अटी याहून वेगळ्या असतात, म्हणून 'हौसेने केलेले स्नोबोर्डिंग यात धरले आहे का' हा प्रश्न कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवा.

आईंना पटवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा त्यांना माहिती द्या. कोणत्या दिवशी कोणत्या टप्प्यावर जाणार, बरोबर कोण, गाइडचा आणि हॉटेलचा क्रमांक काय, हे एका कागदावर लिहून द्या. मैदानावरच्या सरावाला एकदा त्यांना सोबत न्या. आणि तुमचे सिम प्रीपेड असेल, तर निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, आणि 'खाली आलो' एवढे सांगणारा संध्याकाळचा फोन त्याच कारणाने चुकला, तर ठाण्यात त्यांची रात्र कशी जाईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.